सहा फुटी गोलावर पृथ्वी: तीन प्रोजेक्टर पुरतील का?

पेठेतला_कार्यकर्ता
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा 'फिरती पृथ्वी'. सहा फुटी फायबरचा गोल टांगून त्यावर ढग, समुद्र, चक्रीवादळं दाखवायची आहेत. सदाशिव पेठेतला मांडव तो केवढा! गोलाच्या मध्यापासून जेमतेम बारा फूट जागा मिळते. तीन प्रोजेक्टर ओळखीतून मिळालेत, चौथ्याचं भाडं वर्गणीतून काढावं लागेल. तीनमध्ये भागेल का?

प्रकाशयोजना_कोथरूड
चौथा आणाच. बारा फुटांवरून प्रोजेक्टरला अर्धा गोलसुद्धा दिसत नाही, १८० ऐवजी साधारण १५१ अंशच. तिघांत गोल झाकला जाईल, पण दोघांच्या मधोमध उजेड इतका तिरपा पडतो की समोरच्या मानाने प्रत्येकाचा पाचवा हिस्साच उरतो. चार लावलेत तर तोच ४० टक्क्यांच्या वर जातो. अमेरिकेतल्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचा 'सायन्स ऑन अ स्फिअर' हा पृथ्वी दाखवणारा गोल ६८ इंची, म्हणजे जवळपास तुमच्याएवढाच. त्यालाही चार प्रोजेक्टर आहेत.

खरं काम जोडावर, म्हणजे शेजारच्या दोन प्रोजेक्टरची चित्रं एकमेकांवर चढतात तिथे आहे. दोन्ही चित्रं ५० टक्क्यांवर आणली की बेरीज पुरी होईल असं वाटतं, पण गॅमा (सिग्नलच्या मानाने उजेड किती पडतो ते ठरवणारा आकडा) २.२ असेल तर ५० टक्के सिग्नलला उजेड २२ टक्केच पडतो. दोघांचे मिळून ४४. मग पॅसिफिकमधून उभा काळपट पट्टा जातो आणि पृथ्वी फिरते तेव्हा तो जागचा हलत नाही. लोकांची नजर नेमकी तिथेच जाते! सॉफ्टवेअरमध्ये ब्लेंडचा, म्हणजे त्या जोडाच्या मिसळणीचा, गॅमा जुळवा, त्यासाठी एक अख्खी रात्र राखून ठेवा.

एडिटर_मीनल
दादा, व्हिडिओ २:१ मापाचाच घ्या, रुंदी उंचीच्या दुप्पट. नासाची 'ब्लू मार्बल' चित्रं त्याच मापात फुकट मिळतात. आणि गोलाला मॅट पांढरा रंग द्या. चकचकीत फायबरवर प्रत्येक लेन्सचा झगझगीत ठिपका दिसतो.

पेठेतला_कार्यकर्ता
चौथा ठरला. पण मुलं खालून बघणार, त्यांना अंटार्क्टिका दिसेल ना?

प्रकाशयोजना_कोथरूड
प्रोजेक्टर गोलाच्या मध्याच्या उंचीवर असतील तर दोन्ही ध्रुवांपाशी टोपीएवढा भाग अंधारात राहतो. तुम्ही ते फूट-दीड फूट खाली घ्या. उत्तर ध्रुव थोडा जास्त जाईल, पण तो खालून कोणाला दिसतोय? मात्र गोल तेवढा उंच टांगा, नाहीतर रांगेतल्या डोक्यांच्या सावल्या थेट हिंदी महासागरावर पडतील.