हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री: कर्जाच्या कागदावर सही करू का?

जामीनदार_दादा:

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. तीन वर्षांची डिग्री आहे. शैक्षणिक कर्ज काढावं लागणार आणि जामीनदार म्हणून सही माझी. कॉलेजचं माहितीपत्रक तीनदा वाचून काढलं. त्यात चकचकीत लॉबी आहे, कोट घातलेली पोरं आहेत, 'शंभर टक्के प्लेसमेंट' आहे. कोणत्या पदावर आणि किती पगारावर, हे मात्र कुठेच नाही. फोन केला तर समोरचा माणूस म्हणतो, "सर, संधीच संधी आहेत."

बहीण हुशार आहे, बोलकी आहे. घरी पाहुणे आले की हिला उत्साह चढतो. पण तेवढ्यावर कर्ज काढायचं का? सगळा खर्च धरला तर साधारण पहिल्या नोकरीचे दोन वर्षांचे पगार त्यात जातील. या धंद्यातल्या कुणी खरं सांगा. गोड नको.

तिसरा_मजला:

दादा, मी १७ वर्षं या धंद्यात आहे. डिग्री केली, हाऊसकीपिंगमधून सुरुवात केली, आता रेव्हेन्यू मॅनेजर आहे, म्हणजे कुठल्या रात्री खोलीचा भाव किती लावायचा ते ठरवते. दोन्ही टोकं पाहिली आहेत म्हणून लांबलचक लिहितेय.

ट्रेनिंगचा पहिला दिवस सांगते. तिसऱ्या मजल्यावर एक पलंग लावायला दिला. चादर ताणली, कोपरे ४५ अंशांत दुमडून गादीखाली खोचले, उशा ठेवल्या. मला वाटलं, झकास. सुपरवायझर मावशी आल्या, एक बोट चादरीखाली घालून ती सबंध उपसून काढली आणि म्हणाल्या, "पुन्हा." असं चारदा. पाचव्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत, पुढच्या खोलीकडे निघाल्या. तीच शाबासकी. त्या मावशींकडे कुठलीही डिग्री नव्हती. आणि पुढे मी डिग्री घेऊन रुजू झाले तेव्हा पहिले आठ महिने त्यांच्याच हाताखाली रोजच्या १४ खोल्या करत होते.

मुद्दा हाच. पहिल्या नोकरीत डिग्रीचे पैसे वसूल होत नाहीत. चार वर्षं आधी थेट मजल्यावर लागलेला मुलगा तोवर सुपरवायझर झालेला असतो, आणि तुमची बहीण ट्रेनी म्हणून त्याच्या हाताखाली येते. डिग्रीला धार येते ती पुढे, असिस्टंट मॅनेजरच्या वर सरकताना, किंवा सेल्स, अकाउंट्स, रेव्हेन्यू अशा टेबलाच्या कामांकडे वळताना. तिथे नुसत्या अनुभवाचा अर्ज बऱ्याचदा चाळणीतच अडकतो.

आता हिशेब. तिचा पहिला पगार १ धरा. फी, राहणं, गणवेश, कर्जाचं व्याज मिळून २४ पगार. शिवाय ती तीन वर्षं कमावणार नाही. मजल्यावर लागली असती तर महिन्याला ०.७ मिळाले असते, म्हणजे ३६ महिन्यांचे २५. हे २५ कुणीच मोजत नाही. एकूण ४९. पहिली दोन वर्षं तिच्यात आणि त्या सुपरवायझरमध्ये फरक शून्य. नंतर ती १.८ वर गेली आणि तो १.३ वर राहिला, तर महिन्याला ०.५ चा फायदा. ४९ भागिले ०.५ म्हणजे ९८ महिने. आठ वर्षं, वर आधीची दोन. कॉलेजातून बाहेर पडल्यावर दहा वर्षांनी बरोबरी! आकडे मी समजावायला घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. पण ही दहा वर्षं ती याच धंद्यात टिकली तरच गणित जुळतं, आणि आमच्या बॅचची निम्मी मंडळी पाच वर्षांच्या आत बाहेर पडली.

का पडली? ब्रेक शिफ्ट. सकाळी ७ ते ११, मग संध्याकाळी ६ ते १०. मधल्या वेळात ना घरी जाता येत, ना झोपता येत. सगळ्यांचे सण म्हणजे आपली हाऊसफुल्ल तारीख. बोलकेपणा लागतोच, पण दहाव्या तासाला, पाय भरून आलेले असताना, समोरचा ओरडत असताना तो उरतो का, हे बघायचं.

कॉलेज निवडताना लॉबी बघू नका, ट्रेनिंग बघा. माझ्या ट्रेनिंगचे २२ आठवडे होते. त्यातले ९ मी तळघरात टॉवेल आणि चादरी मोजण्यात घालवले, कारण हॉटेलला फुकटचा हात हवा होता आणि कॉलेजातून कुणी विचारायलाही आलं नाही. तेव्हा विचारा की चारही विभागांत, म्हणजे फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, सर्व्हिस आणि किचनमध्ये, फिरवणार का, आणि ते कोण तपासतं. पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या दहा जणांची आजची पदं मागा. 'प्लेसमेंट'मध्ये कॉल सेंटरही मोजतात.

आणि अभ्यासक्रमात अकाउंट्स किती आहे ते बघा. लोकांना वाटतं ही शाळा अदब शिकवण्यासाठी असते. स्वित्झर्लंडमधली लोझानची हॉटेल शाळा १८९३ साली स्विस हॉटेलवाल्यांनीच काढली, त्यांना तयार माणसं हवी होती म्हणून. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९२२ साली हॉटेलचा पदवी अभ्यासक्रम आला, तोही हॉटेलवाल्यांच्याच मागणीवरून. १९२६ साली न्यूयॉर्कच्या हॉटेलांनी एकमेकांशी आकडे ताडता यावेत म्हणून हिशेबाची एकच पद्धत ठरवली, तिची सुधारलेली आवृत्ती आजही वापरात आहे. पलंग मावशी शिकवतात. १०० खोल्यांपैकी ७० गेल्या आणि सरासरी भाव १० असेल, तर दर उपलब्ध खोलीमागे कमाई ७, आणि भाव ९ केला तर किमान ७८ गेल्याच पाहिजेत, हे त्या शिकवत नाहीत. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. हे ज्याला कळतं त्याला टेबल मिळतं. माझा पगार खऱ्या अर्थाने वाढला तो यामुळे, आणि ते मी कॉलेजच्या दोन कंटाळवाण्या पेपरांत शिकले होते.

कढई_आणि_मी:

ताईंशी सहमत, पण एक राहिलं. बहिणीला किचनमध्येच जायचं असेल तर तीन वर्षांची डिग्री घेऊ नका. मी भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आज सू शेफ आहे, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखाल. किचनमध्ये मुलाखत म्हणजे "हा कांदा चीर." सुरी कशी धरलीय ते दहा सेकंदांत दिसतं. तिला वर्षाचा क्राफ्ट कोर्स बास. मला अडचण आली ती एकदाच, जहाजावरच्या नोकरीच्या अर्जात. तिथे प्रमाणपत्र मागितलं. नंतर काढलं.

पाहुणचार_ते_पेशंट:

मी २०२० मध्ये बाहेर पडलो. पडलो कसला, हॉटेलच बंद झालं. सहा महिने घरी. मग एका हॉस्पिटलात रुग्णसेवा विभागात लागलो. खोल्या वेळेवर तयार करणं, जेवणाच्या गाड्या, चिडलेले नातेवाईक, सगळं ओळखीचं निघालं. त्यामुळे हॉटेल सुटलं की डिग्री वाया, असं मला वाटत नाही. एअरलाइन, मॉल, मोठी ऑफिसं, सगळीकडे आमची माणसं सापडतील.

तिसरा_मजला:

@पाहुणचार_ते_पेशंट, खरं आहे, पण दादांनी ते कर्जाच्या हिशेबात धरू नये. बाहेर पडायचंच असेल तर साधी वाणिज्य शाखेची पदवी निम्म्या खर्चात होते आणि दारं जास्त उघडते. ही डिग्री घ्यायची तर हॉटेलसाठीच.

दादा, प्रवेशाला अजून वेळ आहे ना? तिला एखाद्या हॉटेलात सुट्टीतलं काम बघा. बँक्वेट, म्हणजे लग्न-समारंभांच्या जेवणावळींचं काम, असेल तर उत्तम. पगार मिळो न मिळो.

जामीनदार_दादा:

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय. कॉलेजला पाच वर्षांपूर्वीच्या दहा जणांची यादी मागितली. आधी "गोपनीय आहे" म्हणाले, मग सहा जणांची आली. त्यात तिघं हॉटेलात, दोघं विमा विकतात, एक तिथेच शिकवतो. तुमचा हिशेब आमच्या आकड्यांनी केला तर अकरा वर्षं निघाली.

बहीण शनिवार-रविवार एका लग्नाच्या हॉलवर बँक्वेटला गेली होती. रात्री एक वाजता आली, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली. मी म्हटलं, संपलं बहुतेक खूळ. तर ही अर्धा तास मला सांगत होती की ४०० खुर्च्यांची रांग दोरी धरून कशी सरळ करतात आणि तिथल्या कॅप्टनचं, म्हणजे वाढप्यांच्या म्होरक्याचं, कुठे चुकलं. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार म्हणते. सही अजून केलेली नाही. दुसऱ्या कॉलेजचीही यादी मागवलीय.

तिसरा_मजला:

कॅप्टनचं चुकलेलं दिसलं ना तिला? बरं. तिला बूट अर्धा नंबर मोठे घ्यायला सांगा, संध्याकाळी पाय सुजतात. आणि दोन जोड घ्या, आलटून पालटून घालायला.