वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या हिशेबात कसे बसवावेत?

अंकलिपी:
नमस्कार. आम्ही पुण्यात राहणारे नोकरदार जोडपे असून घरात दोन शाळकरी मुले आणि सासूबाई आहेत. गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा देखभाल खर्च, किराणा, दूध आणि वीज हे सारे वजा जाऊन बहुतेक महिन्यांत हाती काही रक्कम उरते. अडचण येते ती ठरावीक महिन्यांत. जूनमध्ये शाळेचे शुल्क, पुस्तके आणि स्कूलबस मिळून सुमारे ८४,००० रुपये एकदम भरावे लागतात. मेमध्ये १२,००० मिळकतकर आणि गावी जाण्या-येण्याचे २४,०००, गणपती-दिवाळीचे ३०,०००, डिसेंबरात गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग यांचे १८,०००, तर मार्चमध्ये आयुर्विमा व आरोग्यविम्याचे ४२,००० जातात. अशा वेळी क्रेडिट कार्डाचा आधार घ्यावा लागतो आणि पुढचे काही महिने ते फेडण्यात जातात. खर्च नोंदवणारे ॲप वापरून पाहिले, परंतु त्यात झालेल्या खर्चाची वर्गवारी दिसते, होणाऱ्या खर्चाची तरतूद होत नाही. आपण कोणते साधन किंवा कोणती पद्धत वापरता, हे कृपया सांगावे. शेअर बाजार आणि म्युच्युअल फंड यांची चर्चा येथे नको.

रोजमेळ:
तुम्ही आकडे दिले आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेलेच आहे. या सर्व खर्चांची बेरीज २,१०,००० होते आणि तिला १२ ने भागल्यास महिन्याला १७,५०० रुपये येतात. ही रक्कम बचत नव्हे. तो तुमचा दरमहाचा खर्चच आहे, फक्त त्याचे बिल उशिरा येते. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ती बँकेतील स्थायी सूचनेद्वारे एका वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळती व्हावी, अशी व्यवस्था करा. त्या खात्याचे डेबिट कार्ड घेऊ नका आणि ते यूपीआयलाही जोडू नका. खाते दोघांच्या नावे असावे आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येतील, असा पर्याय अर्जात निवडावा. किमान शिलकीची अट आधी विचारून घ्या, कारण जूननंतर हे खाते जवळजवळ रिकामे होणार आहे.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती अशी की सुरुवात कोणत्या महिन्यात करता यावर पहिले वर्ष अवलंबून असते. नवीन वर्षाचा संकल्प म्हणून जानेवारीत आरंभ केला, तर जूनपर्यंत सहा हप्त्यांचे १,०५,००० जमतील आणि तोवर विमा, मिळकतकर, गावचा प्रवास व शाळा मिळून १,६२,००० भरावे लागतील, म्हणजे ५७,००० कमी पडतील आणि पद्धतच चुकीची आहे असे वाटून ती सोडून दिली जाईल. त्याऐवजी सर्वांत मोठा खर्च होऊन गेल्यावर, म्हणजे जुलैत सुरुवात केली, तर पुढच्या जूनपर्यंत एकदाही तूट पडत नाही. (गणपती-दिवाळीचे तीस हजार कमी करा, असे मी सुचवणार नाही. जो खर्च दरवर्षी होतोच, तो कागदावर कमी लिहिल्याने प्रत्यक्षात कमी होत नाही.)

देवगडकर:
वेगळ्या बचत खात्यावर व्याज फारच कमी मिळते. त्यापेक्षा पोस्टातील आवर्ती ठेव चांगली, असे माझे मत आहे. ती महिना १०० रुपयांपासून उघडता येते आणि सरकारी हमीची असते.

रोजमेळ:
देवगडकर, पोस्टातील आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षे पूर्ण होण्याआधी ती बंद करता येत नाही, त्यामुळे पुढच्या जूनच्या शुल्कासाठी तिचा उपयोग नाही. बँकेची सहा किंवा बारा महिन्यांची आवर्ती ठेव केवळ शाळेच्या भागासाठी चालेल, कारण त्या खर्चाची तारीख आणि रक्कम दोन्ही निश्चित आहेत. मात्र प्रत्येक खर्चासाठी एक ठेव उघडत बसलात, तर व्याजातून मिळणाऱ्या थोड्या रुपयांपेक्षा कटकटच अधिक होईल.

पंचगंगा:
आमच्याकडे इचलकरंजीत यासाठी भिशी असते. ओळखीच्या बारा बायका दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात, ती सगळी पाळीपाळीने एकीला मिळते आणि मुलांच्या शाळा असणाऱ्यांना जूनच्या आसपासची पाळी देण्याची समज आधीच झालेली असते. ॲपपेक्षा माणसांची भीड अधिक काम करते, हप्ता चुकवण्याचे कोणाला धाडस होत नाही. तरीही ताई, सोसायटीत नुकत्याच ओळख झालेल्या मंडळींबरोबर भिशी लावू नका आणि लिलाव भिशीच्या, म्हणजे जिथे जमलेली रक्कम आधी मिळवण्यासाठी बोली लावतात तिच्या, तर वाटेलाच जाऊ नका. कोणी पैसे बुडवले तर चिट फंड कायदा, १९८२ खाली नोंदणी नसलेल्या भिशीत दाद मागणे फार कठीण जाते. पतसंस्था एखादा टक्का जास्त व्याज देते म्हणून तेथे पैसे ठेवण्याआधीही विचार करा. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक बँकेत प्रति ठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही.

शून्यशिल्लक:
नोंदींच्या साधनाबद्दल थोडे लिहितो. एसएमएस वाचून आपोआप हिशेब मांडणारी ॲप सोयीची वाटतात, परंतु बँकेचे संदेश वाचण्याची परवानगी देणे मला पसंत नाही. पती-पत्नी दोघांनाही उघडता येईल असे गूगल शीट पुरेसे आहे. त्यात खर्चाचे नाव, अंदाजित रक्कम, देय महिना आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम असे चारच रकाने ठेवा. भाजी, रिक्षा, चहा अशा किरकोळ खर्चांसाठी यूपीआय लाइट वापरून पाहा. त्यात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एक व्यवहार १,००० पर्यंतचा करता येतो. पासबुकात केवळ रक्कम भरल्याची एकच नोंद दिसते, त्यामुळे वीस-वीस रुपयांच्या ओळींची गर्दी होत नाही आणि भरलेले पैसे संपले की हात आपोआप आखडतो.

अंकलिपी:
सर्वांचे मनापासून आभार. जुलैत सुरुवात करण्याचा मुद्दा पटला आणि सध्या जुलैच चालू आहे. परंतु जूनच्या शुल्कापैकी ३५,००० रुपये अजून कार्डावर बाकी आहेत. मग हे खाते आत्ताच सुरू करावे की आधी कार्ड फेडावे? तसेच विम्याचे हप्ते वार्षिकऐवजी मासिक करून घेतले, तर मार्चचा भार हलका होईल का?

रोजमेळ:
आधी कार्ड. थकबाकीवर दरमहा साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज लागते आणि बाकी शिल्लक असेपर्यंत त्याच कार्डावरील नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून ते कार्ड तूर्त वापरू नका आणि जुलै व ऑगस्टचे १७,५०० त्यातच भरा. त्यावर व्याजाची जी थोडी रक्कम राहील, ती महिन्याच्या शिलकेतून द्या. सप्टेंबरपासून जूनपर्यंत दहा महिने उरतात, तेव्हा पहिल्या वर्षापुरते दरमहा २१,००० बाजूला ठेवावे लागतील. दिवाळीला बोनस मिळत असल्यास तो या खात्यात टाकून पुढचे हप्ते तेवढे कमी करता येतील. यंदा गणपती ऑगस्टअखेरीस येत असतील, तर त्यांचा खर्च मात्र त्या महिन्याच्या पगारातूनच काढावा लागेल.

विम्याचे हप्ते वार्षिकच राहू द्या. मासिक पर्यायात वर्षाची एकूण रक्कम बहुधा वाढते, आणि एकदा वेगळे खाते सुरू झाल्यावर मार्चचा भार तसाही बारा महिन्यांत विभागला जातो. मिळकतकरही शक्यतो सवलतीच्या मुदतीत भरावा. पुणे महापालिका लवकर भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात सूट देते, त्यामुळे मेमधील तरतूद जूनमध्ये ढकलू नका.