बॉम्बाझीन हे बॉम्बेचं कापड का? (नाटकासाठी जुना इंग्रजी दुखवटा हवा आहे)

कळसूत्री_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची एकांकिका सप्टेंबरात स्पर्धेला उतरतेय आणि वेशभूषा माझ्या गळ्यात पडली आहे. काळ 1870च्या आसपासचा, जागा कुलाबा. इंग्रज अधिकारी कॉलऱ्याने गेलाय, त्याला शिवडीला पुरलंय आणि त्याची बायको सगळी एकांकिका काळ्या कपड्यांत वावरते. तिच्या सोबतीला एक आया आहे. मधल्या प्रवेशात गिरगावातली एक ब्राह्मण विधवा भेटायला येते, तिच्यासाठी पांढरं लुगडं आणून ठेवलंय, म्हणजे तो प्रश्न मिटला.

अडलंय ते मडमेपाशी. ड्रेपरीवाल्याने काळ्या सॅटिनचा टिकल्या लावलेला गाऊन पुढे केला आणि म्हणाला, "हाच घ्या, सगळ्या मडमांना हाच देतो." तो घालून बाई शोकात नाही, थर्टी फर्स्टला निघाल्यासारखी दिसते.

शोधताना क्रेप आणि बॉम्बाझीन असे दोन शब्द सापडले. आमचा दिग्दर्शक ठामपणे सांगतो की बॉम्बाझीन म्हणजे बॉम्बेत विणलेलं कापड. त्याने मडमेला वाक्यही लिहून टाकलंय: "आया, हे कापड तुमच्याच गावचं!" हे खरं आहे का? आणि आज मुंबईत यातलं काय मिळेल? बजेट विचारू नका, रडू येईल.

मीटरवाली

क्रेप तर हिंदमाताला कुठल्याही दुकानात मिळतो की! मी गेल्याच महिन्यात कुर्त्यासाठी घेतला. मऊ पडतो, छान झुळझुळतो. काळाही असतो. एवढं काय शोधताय?

रंगखातं_लालबाग

मीटरवाली ताई, तो क्रेप वेगळा आणि हा वेगळा. झुळझुळणारं कापड अंगावर घेतलं असतं तर त्या बाईची तिच्या समाजात छी-थू झाली असती.

मी परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होतो, 82च्या संपापर्यंत. त्याआधी माटुंग्याला व्हीजेटीआयत शिकलो. तेव्हा हा विषय माझा, थोडं लांबण लावणार.

आधी दिग्दर्शक साहेबांचं. बॉम्बाझीनचा बॉम्बेशी काडीचाही संबंध नाही. रेशीमकिड्याला लॅटिनमध्ये बॉम्बिक्स म्हणतात, त्यावरून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. आपल्याकडे दावरांची पहिली गिरणी 1850च्या दशकात निघाली, तीही सुताची. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडात नॉर्विचला बॉम्बाझीन निघत होतं. ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) वर्स्टेड म्हणजे विंचरून कातलेल्या लोकरीचा, वीण ट्विलची, म्हणजे तिरप्या रेघांची. लोकरीचा बाणा वर राहतो आणि रेशीम खाली दबतं, म्हणून कापड जड पडतं आणि चमकत नाही. गाऊन याचा शिवायचा. ज्यांना हे परवडत नसे त्या पॅरामॅटा घेत, त्यात रेशमाऐवजी सुताचा ताणा असे.

ते वाक्य मात्र काढू नका. बाईच्या तोंडी ही चूक शोभून दिसेल. नव्या मुलखात आलेली माणसं अशाच बाता मारतात.

आता क्रेप. तो गाऊनच्या वरून पट्ट्यापट्ट्यांनी लावत. पहिल्या वर्षी तर स्कर्ट जवळजवळ झाकून जाईल इतका, शिवाय टोपीवरून खाली सोडलेला बुरखा. दुखवट्याच्या कापडाला एकच अट होती, चकाकायचं नाही. आणि रेशमाचा तर जन्मच चकाकण्यासाठी! मग त्यांनी काय केलं बघा. कच्च्या रेशमावर किड्याचा गोंद असतो, सेरिसिन म्हणतात त्याला. वजनाने हा गोंद 20 ते 25 टक्के भरतो. आपण साबणाच्या पाण्यात उकळून तो काढतो, तेव्हा कुठे रेशमाला झळाळी येते. दुखवट्याच्या क्रेपमध्ये तो गोंद तसाच ठेवून तार विणायची. तारेला पीळ इतका कडक, की हातात सैल धरली तर ती आपोआप गुंडाळी करते. वीण जाळीदार. मग नक्षी कोरलेल्या तापवलेल्या रुळांतून कापड काढलं की गोंदामुळे सुरकुती तशीच्या तशी बसून राहते. हाताला कुरकुरीत आणि खरबरीत लागतं, दिसायला काजळीसारखं. उजेड पडला की गिळून टाकतं.

एसेक्समधल्या कोर्टॉल्ड घराण्याच्या कंपनीने यावर अमाप पैसा केला. सुरकुती पाडायची ती शेवटची क्रिया ते कोणाला बघू देत नसत. त्यात मला नवल वाटत नाही. आमचे मास्तरसुद्धा काळ्या शेडची वही कुलपात ठेवायचे आणि किल्ली कडदोऱ्याला.

हे पुस्तकातलं झालं. पण एक मी स्वतः केलंय. वीसेक वर्षांपूर्वी चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पत्र्याच्या डब्यात एक काळा बुरखा मिळाला, जुना, कडा कुरतडलेल्या. दुकानदार म्हणाला, "मच्छरदानी का टुकडा है." घरी येऊन एक धागा जाळला तर केस जळल्याचा वास आला, म्हणजे रेशीम. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. बघता बघता सुरकुती विरघळली, तेवढी जागा मेलेल्या माशाच्या खवल्यासारखी सपाट झाली आणि बोटाला राखाडी रंग आला. गोंद पाण्यात मऊ पडतो, दुसरं काय होणार! बायको म्हणाली, "पैसे देऊन आणलंत आणि वर भिजवताय!"

म्हणजे पाऊस हा या कापडाचा उघड वैरी. लंडनच्या भुरभुरीतसुद्धा त्याची वाट लागायची. पुढे पुढे तर पाण्याला टिकणाऱ्या क्रेपच्या जाहिराती यायला लागल्या. आता ही बाई कुलाब्यात, जून महिन्यात. चर्चमधून बाहेर पडली आणि सर आली की संपलं. त्यात घाम. काळा रंग बहुधा लॉगवूडचा असे. मध्य अमेरिकेतलं हे लाकूड लोखंडाच्या क्षाराबरोबर काळा देतं. क्रेपचा रंग मानेवर आणि चेहऱ्यावर उतरायचा अशी त्या काळच्या बायकांची ओरडच होती. तुमच्या नटीच्या गळ्यावर काजळाची पुसट रेघ ओढा. संवाद लागणार नाही.

एक उलट प्रश्न. नवरा जाऊन किती दिवस झालेत? त्यावर सगळं अवलंबून आहे. विधवेला पहिलं एक वर्ष आणि वर एक दिवस पुरता क्रेप. नंतर साधारण नऊ महिने क्रेप कमी कमी होत जायचा, मग नुसता काळा, शेवटी राखाडी आणि फिकट जांभळा. राणीचा नवरा आल्बर्ट 14 डिसेंबर 1861 ला गेला आणि ती 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत काळ्यातच राहिली. राणीनेच असं केल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! लंडनला रीजंट स्ट्रीटवर जे नावाच्या माणसाचं नुसत्या दुखवट्याच्या मालाचं मोठं दुकान होतं, 1841 पासून. पहिल्या महायुद्धात घरोघरी माणसं गेली तेव्हा कुठे हे अवडंबर मोडलं. कोर्टॉल्डने मात्र वारा आधीच ओळखला होता. 1904 मध्ये त्यांनी व्हिस्कोजचे हक्क घेतले आणि नकली रेशीम, म्हणजेच रेयॉन, काढायला लागले. मीटरवाली ताईंचा कुर्ता रेयॉनचा असेल तर तो या क्रेपचाच दूरचा भाऊबंद.

आता खरेदी. गाऊनला काळं टेरीवूल बघा, वकिलांच्या कोटाला लागतं तसलं, आणि उलटी बाजू वर घ्या. क्रेपसाठी काळी सुती व्हॉइल किंवा मलमल. घट्ट खळ द्या, ओली असतानाच दोघींनी दोन टोकं धरून पीळ द्या, दोरीने आवळा आणि दोन दिवस सुकू द्या, चुणीच्या ओढणीला करतात तसं. इस्त्री लावलीत तर मी बोलणार नाही. पॉलिएस्टर जॉर्जेट अजिबात नको, स्टेजच्या दिव्यात ती माशासारखी चमकते.

पाखाडीतली

आजोबा, लाख बोललात. आम्ही मरोळचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. माझी आजी विधवा झाली तेव्हा तिच्यासाठी काळे कपडे विकत आणले नव्हते, घरातलेच दोन झगे पातेल्यात काळ्या रंगात उकळले होते. आई सांगते, ते पातेलं नंतर कोणी स्वयंपाकाला घेतलं नाही. आणि रंग असा काही उतरायचा की उशीचे अभ्रेसुद्धा राखाडी झाले. वर्ष झालं आणि झगे कोणाला तरी देऊन टाकले.

आणखी एक, तुमच्या मडमेच्या बाह्यांच्या टोकाला पांढऱ्या मलमलचे कफ लावा. विधवा ते लावायच्या, वीपर्स म्हणत त्याला. सगळंच काळं केलंत तर मागच्या रांगेतून हात दिसणार नाहीत.

सातारा_ते_सायन

मडमेचं झालं, पण "तो प्रश्न मिटला" वाचून राहवलं नाही. 1870ची गिरगावातली ब्राह्मण विधवा आणि पांढरं लुगडं? सोवळी बाई असेल तर आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, हवं. केशवपन केलेलं, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आत चोळी नाही. पांढरी साडी डोक्यात बसलीय ती सिनेमामुळे. याच मुंबईत 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे तुमच्या काळात ते सर्रास चालू होतं. विचार करा, एक काळ्यात आणि एक तांबड्यात, दोघी समोरासमोर. एकीचा दुखवटा अडीच वर्षांत फिटणार, दुसरीचा मरेपर्यंत.

आणि आमच्या गावाकडे दुखवटा म्हणजेच कापड. तेराव्या-चौदाव्याला सोयरे नवे कपडे आणतात, त्याला दुखवटा म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा इतके टॉवेल-टोप्या जमल्या की अजून कपाटात आहेत.

कळसूत्री_दादर

बापरे. पांढरं लुगडं परत करायला निघालेय, दुकानदार घेईल असं वाटत नाही.

रंगखातं काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल गच्चीवर मलमल पिळून बांधली. एक टोक माझ्याकडे, दुसरं आमच्या आयाकडे (म्हणजे आया झालेल्या मुलीकडे). आज सोडून बघितलं, सुरकुत्या झकास पडल्यात! फक्त माझे हात कोपरापर्यंत काळे झालेत आणि उद्या ऑफिसात क्लायंट मीटिंग आहे. नवरा जाऊन तीन आठवडे झालेत असं दिग्दर्शकाने ठरवलं, म्हणजे पुरता क्रेप. वाक्य ठेवतोय. फक्त त्यावर आया काही न बोलता नुसती बघते असं केलंय.

टेरीवूल आणि आलवणाचं कापड दोन्ही मंगळदासला मिळेल का? रविवारी जाऊ म्हणते.

रंगखातं_लालबाग

रविवारी मंगळदास बंद असतं. शनिवारी दुपारच्या आत जा. आलवणाला साधं सुती कापड घ्या, काठ नको, रंग विटेसारखा. "मरून" म्हणालात तर तो लग्नाचा काढून देईल. हाताला लिंबू आणि मीठ चोळा, निघालं तर निघालं.