ले-ऑफ म्हणजे 'उद्या या' की 'येऊच नका'?

मस्टरवाले काका: काल भाच्याचा फोन. हिंजवडीत आयटीत होता. म्हणाला, "मामा, ले-ऑफ झाला." मी विचारलं, "परत कधी बोलावणारेत?" पोरगं गप्पच. मग म्हणालं, "मामा, लॅपटॉप जमा करून घेतला."

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात माल संपला, मशीन बसलं की ले-ऑफ लागायचा. रोज गेटवर जायचं, हजेरी लावायची, दोन तासांत काम नाही दिलं तर घरी. बेसिक आणि डीए मिळून निम्मे पैसे, पण नाव मस्टरवर शाबूत. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ले-ऑफ हाच. कायमचं कमी केलं तर ती रिट्रेंचमेंट. मग सरळ तसं म्हणायला काय होतं?

शब्दखोर: काका, गिरण्यांचा जमाना गेला. अमेरिकेतही हा शब्द आधी तात्पुरत्यासाठीच होता. तिथल्या 1988 च्या वॉर्न कायद्यात सहा महिन्यांवर लांबलेला ले-ऑफ नोकरी गेल्यातच धरतात. लोक म्हणतील तो अर्थ. उगाच कीस पाडू नका.

मस्टरवाले काका: अर्थ बदलू दे, हिशेब कुठे बदलला? रिट्रेंचमेंटला महिन्याची नोटीस, वर सर्व्हिसच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. भाच्याची सहा वर्षं झाली, म्हणजे 90 दिवसांचा. शिवाय शेवटी लागलेला आधी बाहेर. ले-ऑफ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात यातलं काही आलंच नाही.

एचआरवाली: मी याच धंद्यात आहे, शिव्या नंतर द्या. कंपनी काय म्हणते यावर कोर्ट जात नाही, झालं काय ते बघतं. आणि भाचा मॅनेजर असेल तर तो कायद्याने 'कामगार'च नाही, मग तुमचे 90 दिवस विसरा. पण त्याआधी एक सांगा, त्याने राजीनामा दिलाय का?

शब्दखोर: काढलेला माणूस राजीनामा कशाला देईल?

एचआरवाली: 'रेकॉर्ड चांगला राहील' म्हणून. रोज बघते.

मस्टरवाले काका: आत्ता विचारलं. दिलाय. 'वैयक्तिक कारणास्तव'. मजकूर एचआरनेच मेल केला होता, याने खाली नाव टाकून परत पाठवला.

एचआरवाली: मग कागदावर ले-ऑफही नाही आणि रिट्रेंचमेंटही नाही, तो स्वतःहून गेला. भांडायचं तर एचआरचा तो मेल लागेल. आहे का त्याच्याकडे?

मस्टरवाले काका: लॅपटॉपवर होता.