परसातल्या १२ कोंबड्या: जात कोणती, जाळी कोणती?

यावल_परस: घरामागे १२ बाय १० फूट मोकळी जागा आहे, जमीन काळी. अंड्यांसाठी १२ कोंबड्या ठेवायच्या आहेत. कडकनाथ घ्यावी की गिरिराज? कुंपणाला दोन इंची चेनलिंक (विणलेली तारेची जाळी) पुरेल का? आजूबाजूला केळीचे बाग आहेत, मुंगूस नेहमी दिसतं.

खुराडा_धुळे: अंडीच हवी असतील तर कडकनाथच्या नादी लागू नका. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची जात, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाला भाव चांगला, पण अंडी वर्षाला जेमतेम ८०-९०. गिरिराज १३०-१५० देते, पण अंगाने जड. पळता येत नाही, म्हणून कुत्र्याच्या तोंडी आधी तीच जाते. तुमच्या कामाला ग्रामप्रिया बरी, ही अंड्यांसाठीची सुधारित जात. दहा ग्रामप्रिया आणि दोन गावठी घ्या. गावठी ५०-६० च अंडी देईल, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, तीच बसते. सुधारित जाती सहसा बसत नाहीत. गावठीखाली १०-१२ अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्लं. मात्र अंडी ग्रामप्रियाची असली तरी त्या पिल्लांकडून ग्रामप्रियाइतक्या अंड्यांची आशा नको.

तलंगा (अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबड्या) घेताना लसींचं विचारा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस ५-७ व्या दिवशी, गंबोरो रोगाची १४ व्या, लासोटा पुन्हा २८ व्या, आणि आठव्या आठवड्याला मानमोडीचीच आरटूबी लस टोचून. लस बर्फात आली पाहिजे. कालवली की दोन तासांत संपवायची, उरली तर फेकायची. नव्या कोंबड्या तीन आठवडे वेगळ्या ठेवा.

तापीकाठ: चेनलिंक कुत्र्यापुरती ठीक. दोन इंची भोकातून मुंगूस आत जातं, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान बाहेरून ओढतं. खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश (तारा डागून जोडलेली चौकोनी जाळी) लावा, त्यातून उंदीरही येत नाही. वर चेनलिंक चालेल, डोक्यावरही जाळी हवीच. घार आहे, रानमांजर आहे. षटकोनी कोंबडीजाळीवर भिस्त नको, तार बारीक, कुत्रा दातानं फाडतो.

आता काळ्या जमिनीचं. जाळी फूटभर उभी पुरा असं सगळे सांगतात, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये जमिनीला हातभर भेगा पडतात आणि मुंगूस त्या भेगेतूनच वाट काढतं. त्यापेक्षा जाळी तळाशी काटकोनात बाहेर वळवून दीड फूट जमिनीवर आडवी पसरा, वर मुरूम आणि दगड. उकरणारं जनावर कुंपणाला लागूनच उकरतं, तिथे त्याला जाळी लागते. कुंपणाचे लोखंडी अँगल दोन फूट खोल, काँक्रीटमध्ये. नुसत्या मातीत रोवले तर पहिल्या पावसातच कलतात. आतही सहा इंच मुरूम भरा. चिखल झाला की कॉक्सी (कोंबड्यांचा आतड्याचा रोग) आलीच, विष्ठेत रक्त दिसतं.

यावल_परस: धन्यवाद भाऊ. रात्रीच्या खुराड्याला पत्रा टाकू का?

खुराडा_धुळे: टाका, पण उघडा नको. बारा कोंबड्यांना ४ बाय ६ चं खुराडं पुरतं, मधली उंची सात-आठ फूट ठेवा. पत्र्याला चुना मारा, वर सहा इंच पऱ्हाटी आणि मधे बोटभर हवा खेळू द्या. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आडवं आत येत नाही. कोंबडीला घामच येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. यावल-रावेरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. धापेबरोबर कवचही पातळ होतं, म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर, ११ ते ४ फक्त पाणी. एरवी बारा कोंबड्यांना तीन लिटर लागतं, मे महिन्यात सहा. खापराच्या परातीत, सावलीत, दुपारी एकदा बदलून.

बसायला दोन इंच जाड गोल काठ्या, कोंबडीमागे आठ इंच जागा. उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको, जड कोंबडी उडी मारून पाय सुजवून घेते. अंड्यांच्या पेट्या तीन, फूटभर चौकोनी, काठ्यांपेक्षा खाली. नाहीतर पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

तापीकाठ: आणखी एक गोष्ट आठवली. केळीत दाणेदार कीटकनाशक टाकलं असेल तर कोंबड्या शेताकडे सोडू नका. दाणा समजून टिपतात आणि घटकाभरात आडव्या होतात. कपाशीचं औषध लावून रंगवलेलं बियाणंही तसंच. सरकी म्हशीसाठी ठेवली असेल तर ती कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नका. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि गिऱ्हाईक अंडं नासकं समजून परत करतं. ज्वारी-मका द्या, पण त्याच्या जोडीला लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) हवाच, सगळं मिळून कोंबडीमागे दिवसाला १००-१२० ग्रॅम.

शेंगांची टरफलं खाली अंथरणार असाल तर वाळलेलीच. बुरशी आलेली एक मूठही नको.

यावल_परस: आडव्या जाळीवर दगड किती अंतरावर?

तापीकाठ: अंतर कसलं, सलग. दोन दगडांमधली फट म्हणजे मुंगसाला दारच.