सांगलीत राहून ड्रम अँड बेस : आधी वाजवायचं की आधी बनवायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
ड्रम अँड बेस म्हणजे वेगवान ड्रम आणि खोल बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात उतरायचं ठरलं की आपल्याकडची पोरं सगळ्यात आधी कंट्रोलर (डीजेचं वाजवायचं यंत्र) घेतात, स्वतःचा ट्रॅक बनवत नाहीत. माझ्या मते क्रम चुकतोय. १७४ बीपीएमच्या (मिनिटाला १७४ ठोके) या संगीतासाठी तिकीट काढून येणारा श्रोता सांगली-साताऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. पुण्या-मुंबईचा आयोजक नवख्याला बोलावतो ते त्याचा ट्रॅक कानावर पडल्यावर. मोठ्या शहरातलंच असावं लागतं असंही नाही : ड्रम अँड बेसवाला रोनी साइझ आणि त्याचा गट रेप्राझेंट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे, लंडनचे नव्हेत. १९९७ मध्ये त्यांच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी (वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ब्रिटिश) पारितोषिक मिळालं ते अल्बम म्हणून. तेव्हा आधी तीन ट्रॅक पूर्ण करा, डेकचं (डीजे म्हणून वाजवायचं) नंतर बघू.

टॉपबेस
नाही पटलं. हेडफोनवर बनवलेला बेस डॉल्बीच्या भिंतीवर कोसळतो आणि का कोसळला हे घरात बसून कळत नाही. बरेच ट्रॅक एफ स्वरात असतात, म्हणजे सब (सगळ्यात खालचा बेस) ४३.७ हर्ट्झवर. स्पीकर बॉक्सचं पोर्ट (हवेचं भोक) ५० च्या आसपास जुळवलेलं असेल तर त्याखाली कोनवर (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर) हवेचा दाब राहत नाही. कोन सैरावैरा हलतो, आवाज मात्र येत नाही. ऑपरेटर गेन वाढवतो आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळते. प्रोसेसरवर हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावलेला असेल तर स्पीकर वाचतो, पण तुमचा सब जातो.

शिवाय वाजवल्याशिवाय रचना समजत नाही. १७४ ला एक बार (चार ठोके) १.३८ सेकंदाचा, १६ बार म्हणजे जेमतेम २२ सेकंद. तेवढ्यात पुढचा ट्रॅक जुळवायचा, एकाचा लो (बेस) कापायचा, दोन्ही ड्रॉप (ड्रम-बेस जोरात सुरू होतात ती जागा) एकाच ठोक्यावर आणायचे. हे हातात बसलं की आपल्या ट्रॅकचा इंट्रो ३२ बारांचा का हवा ते आपोआप कळतं.

कृष्णाकाठ
बेसचं म्हणणं मान्य. पण त्यावर उपाय बनवतानाच आहे : ट्रॅक जी (४९ हर्ट्झ) किंवा ए (५५) मध्ये बांधा, सब १०० हर्ट्झखाली मोनो ठेवा, ३० च्या खालचं कापा. सबवर थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या, म्हणजे ९८, १४७ आणि त्याहून वरचे हार्मोनिक (मूळ स्वराचे पट) तयार होतील आणि बेस छोट्या स्पीकरवरही जाणवेल. भिंत कशी वागते ते समजायला दोन दिवस ऑपरेटरशेजारी उभं राहिलं तरी पुरतं, त्यासाठी डेक लागत नाही.

माणदेशी ठेका
तुमच्या दोघांच्या वादात मूळ मुद्दा राहतोय : आपल्या ट्रॅकमध्ये असं काय आहे जे ब्रिस्टलच्या पोराकडे नाही? माझ्या मते हलगी. १७४ चा निम्मा ८७, हलगीचा ठेका त्यात आरामात बसतो.

पण लोक चूक कुठे करतात सांगतो. १४० चा लूप (फिरत राहणारा तुकडा) सरळ १७४ वर पळवला की स्वर जवळपास चार अर्धस्वर चढतो आणि हलगीचा ताशा होतो. टाइम-स्ट्रेच (स्वर न बदलता वेग बदलणं) केलं तर थापेची धार बोथट होते. म्हणून एकेक ठोका कापून ग्रिडवर (एका बारच्या १६ पायऱ्यांवर) मांडा. किक १ आणि ११ व्या पायरीवर, स्नेअर ५ आणि १३ व्या. स्नेअरचा गाभा २०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे हलगीचं ४०० च्या खालचं काढा आणि फक्त कडकडाट त्यावर चढवा. दोन्हींची सुरुवात झूम करून जुळवा. जुळवूनही आवाज पातळ वाटला तर हलगीची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा.

रेकॉर्डिंगला माइक फूटभर लांब, पीक (सर्वात मोठा ठोका) उणे १२ डीबीवर. चामडं शेकल्यावर पहिली काही मिनिटंच खणखणीत. गार होत गेलं की स्वर उतरतो, पावसाळ्यात तर फारच लवकर. सकाळचा टेक आणि दुपारचा टेक एकत्र जोडू नका.

टॉपबेस
हलगीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण मग वाजवणाऱ्याचं काय? या संगीताचा पायाच 'आमेन ब्रेक' हा ड्रमचा तुकडा : द विन्स्टन्स या बँडचं १९६९ सालचं रेकॉर्डिंग, चार बार, ड्रमर ग्रेगरी कोलमन. हजारो ट्रॅक त्यावर उभे राहिले आणि २००६ मध्ये कोलमन बेघर अवस्थेत गेला, रॉयल्टीचा पैसा न बघता. पुढे २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंड जमवले, ते बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला मिळाले. खटावच्या किंवा जतच्या हलगीवाल्याला चहा-नाश्त्यावर वाजवून घेणं मला तरी सहन होत नाही.

माणदेशी ठेका
अगदी बरोबर. मानधन त्याच दिवशी रोख द्या. मराठीत एक पान लिहून सही घ्या : कोणत्या तारखेचं रेकॉर्डिंग, किती ट्रॅकमध्ये वापरणार, उत्पन्नात त्याचा वाटा किती. ठेका त्याने रचला असेल तर रचनाकार म्हणून त्याचंही नाव लावा आणि आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदणी करताना वाटणी त्याप्रमाणेच भरा. त्याला वाचता येत नसेल तर घरच्या कुणाला तरी बसवून वाचून दाखवा.

कृष्णाकाठ
ही नोंद मी मूळ धाग्यात जोडतो. लेबलला (रेकॉर्ड कंपनीला) पाठवतानाही तेच : २४ बिट वेव्ह फाइल, मास्टरवर (अंतिम मिश्रणावर) लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारं साधन) न लावता, पीक उणे ६ डीबीवर, खाजगी लिंकने, आणि श्रेयात हलगीवाल्याचं पूर्ण नाव. टॉपबेस, क्रमाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

टॉपबेस
आणि माझंही. ट्रॅक पाठवण्याआधी एकदा भिंतीवर लावून बघा, एवढं तरी ऐका.