मदत हवी आहे: मामाची सॅक भाचीच्या पाठीवर बसेना

लेक अकरावीत आहे, डिसेंबरात ग्रुपबरोबर राजगड-तोरणा करणार आहे. पहिली रात्र गुंजवण्यात, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरून डोंगरधारेने बुधला माची. त्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर तीन-चार लिटर पाणीच असणार.

सॅक तिच्या मामाची, ५० लिटरची, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेली. कापड अजून दणकट आहे. मामा सहा फूट, ही पाच फूट एक इंच. नवी घ्यायची तयारी आहे, पण मामाने याच सॅकवर सह्याद्री पालथा घातलाय, त्यामुळे तिला हीच हवी.

सरावाला आम्ही रविवारी वेताळ टेकडीवर जातो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि तांदूळ, सगळं मिळून आठेक किलो. माथ्यावर पोचेपर्यंत तिच्या मानेच्या बुडाशी लाल वळ उठतात आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. सॅक उतरवली की थोड्या वेळात जातात, पण मला त्या मुंग्यांचीच जास्त काळजी वाटते.

पट्टे क्रमानेच लावतो. सगळे ढिले करून सॅक पाठीवर, मग आधी कमरपट्टा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे लोड लिफ्टर आणि शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं. अडतं ते असं: कमरपट्टा दोन्ही बाजूंच्या हाडांवर नीट बसवला, तर खांद्याचे पट्टे खांद्याला टेकतच नाहीत, मध्ये तीन बोटं सहज जातात. सॅक खाली घेतली तर पट्टे टेकतात, पण कमरपट्टा हाडावरून घसरतो आणि सगळा भार खांद्यावर येतो.

मान पुढे झुकवल्यावर मणक्याचं जे टपोरं हाड हाताला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत तिची पाठ ४१ सेंमी भरली. सॅकवर कमरपट्ट्याच्या मध्यापासून खांद्याचे पट्टे निघतात तिथपर्यंत ५० सेंमी. हा फरक पट्टे आवळून भरून निघेल, की ही सॅक तिच्या मापाचीच नाही? पाठीच्या गादीमागे रुंद वेल्क्रो दिसतो, पण तो इतका घट्ट धरलाय की हलत नाही. शिवाय उजवीकडची नायलॉन पट्टी चालता चालता बकलातून सरकते. रविवार पेठेत किंवा इतरत्र असं जाड काम शिवून देणारं कोणी माहीत आहे का?

प्रतिसाद:
ताई, पट्टे आवळून नऊ सेंमी भरून निघणार नाहीत. पण तो वेल्क्रो असतोच त्यासाठी, खांद्याचे पट्टे वर-खाली करायला. हाताने ओढून सुटत नाही. लांब लाकडी फूटपट्टी किंवा पातळ उलथनं वरून आत सारा आणि हळूहळू खाली न्या, दोन्ही बाजू सुटतील. फूटपट्टी आत असतानाच पट्टे खाली सरकवा, मग ती काढून घेऊन दाबून बसवा. नंतर वजन भरूनच बघा, रिकामी सॅक कुणालाही छान बसते. पट्टे खांद्याला मागेपर्यंत चिकटून यायला हवेत आणि लोड लिफ्टर साधारण ४५ अंशांत. बहुतेक भार कमरेवर जाणवला पाहिजे, खांद्यांनी सॅक फक्त पाठीशी धरायची. पाणी पाठीलगत, मध्यावर ठेवा.

मुंग्यांचं म्हणाल तर पट्टा काखेपाशी दाबतोय का तेही पाहा. छातीचा पट्टा किंचित आवळला की खांद्याचे पट्टे आत येतात, फक्त श्वास अडकेल इतका नको. सॅक उतरवूनही मुंग्या राहिल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

प्रतिसाद:
नायलॉन पट्टी गुळगुळीत झाली की सरकतेच. बकलातून काढलेलं टोक पुन्हा बकलातच उलटं ओवून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने धरते. नाहीतर चपला-बॅगा शिवणाऱ्या चांगल्या चांभाराकडून पट्टी बदलून घ्या. बोहरी आळीत तशी पट्टी आणि बकलं सुटी मिळतात. जुनं बकल बरोबर न्या, रुंदी जुळायला हवी.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. फूटपट्टीने वेल्क्रो सुटला! पट्टे सगळ्यात खालच्या खुणेवर आणले, आता ४२ सेंमी. काल टेकडीवर मुंग्या आल्या नाहीत, वळही नाहीत. पट्टी उलटी ओवल्यावर सरकायची थांबली.

आता एकच राहिलं. कमरपट्टा शेवटपर्यंत आवळला तरी पोटावर दोन्ही बाजूंच्या गाद्या एकमेकींना भिडतात, त्यापुढे ओढायला जागाच नाही. चढताना तो हळूहळू खाली उतरतो. पट्टा सॅकपासून सुटा होतो, मागे खाचेत बसवलेला आहे. दुसऱ्या सॅकचा लहान मापाचा पट्टा त्या खाचेत बसवून कोणी वापरलाय का? की गाद्याच आतून कापून आखूड करून घ्याव्यात?